सर मंचरजी भावनगरी

आपण जीं चरित्रें वाचतों, तीं बहुधा सर्वमान्य पुरुषांचीं असतात. ज्यांच्याविषयीं दोन मतें नाहींत आणि ज्यांच्या तसबिरी शाळेच्या भिंतीवर लागतात, त्यांचे गुण घ्यावे हें उघडच आहे. परंतु ज्या मनुष्यास त्याच्या हयातींत त्याच्याच देशबांधवांनीं नांवें ठेविलीं, आणि तशीं नांवें ठेवण्यास कांहीं कारणहि होतें, अशा मनुष्याच्या चरित्रापासून कांहीं शिकतां येतें कीं नाहीं? हा प्रश्न विद्यार्थ्यांनीं एकदां तरी स्वतःस विचारावा अशी आमची इच्छा आहे. म्हणून यंदां आम्हीं मुंबईचे पारशी गृहस्थ सर मंचरजी मेरवानजी भावनगरी यांचें चरित्र निवडलें आहे. हे गृहस्थ इंग्लंडच्या पार्लमेंटांत दहा वर्षांहून अधिक काळ बसले, आणि तेहि हुजूरपक्षाचे, म्हणजे जुनी व्यवस्था राखूं पाहणाऱ्या पक्षाचे सभासद म्हणून.

मंचरजींचा जन्म मुंबई येथें ता. १५ ऑगस्ट १८५१ रोजीं झाला. त्यांचे वडील व्यापारी असून काठेवाडांतील भावनगर संस्थानचे मुंबईंतील वकील होते. येथें वकील म्हणजे कोर्टांत खटले चालविणारा नव्हे, तर सरकारदरबारीं व व्यापारपेठेंत संस्थानचें काम पाहणारा प्रतिनिधि. फलटणच्या वाचकांस हें समजण्यास कठीण पडूं नये. आपलें फलटणहि नाईक-निंबाळकरांचें संस्थान होतें, आणि तें मार्च १९४८ मध्यें मुंबई प्रांतांत विलीन झालें. लहान संस्थानास मुंबईस आपला माणूस असणें किती अगत्याचें असे, हें येथील जुन्या घराण्यांस ठाऊकच असेल.

मंचरजींचें शिक्षण मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत झालें. कॉलेज सुटल्यावर त्यांनीं कांहीं काळ वृत्तपत्रांत काम केलें. आणि वडील वारल्यावर ऐन विशींत भावनगरच्या वकिलीची जबाबदारी त्यांच्यावर आली. तें काम संभाळून त्यांनीं लेखनहि केलें. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखांतील आपल्या दिवसांविषयीं व्हिक्टोरिया राणीनें लिहिलेल्या रोजनिशीचें गुजराथी भाषांतर त्यांनीं १८७७ सालीं प्रसिद्ध केलें. ब्रिटिश राजघराण्याविषयींची त्यांची निष्ठा ही पुढें पार्लमेंटांत जागा मिळावी म्हणून घेतलेलें सोंग नव्हतें, ती तरुणपणापासूनचीच होती, हें यावरून दिसून येईल.

१८८२ सालीं ते इंग्लंडास गेले व १८८५ सालीं लिंकन्स इन येथून बॅरिस्टर झाले. त्यानंतर भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनीं त्यांच्याकडे संस्थानच्या न्यायखात्याची घडी बसविण्याचें काम सोंपविलें. १८९१ सालीं ते पुन्हा इंग्लंडास गेले ते तेथेंच स्थायिक झाले. मध्यंतरीं १८८८ सालीं त्यांची बहीण आवाबाई वारली. तिच्या स्मरणार्थ त्यांनीं लंडनच्या इंपीरियल इन्स्टिट्यूटमध्यें एक दालन बांधण्यासाठीं मोठी देणगी दिली.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. १८९२ सालीं दादाभाई नौरोजी हे लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघांतून उदारपक्षातर्फे, केवळ पांच मतांच्या आधिक्यानें निवडून आले. चारच वर्षांपूर्वीं, १८८८ सालीं, हुजूरपक्षाचे मुख्य प्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनीं दादाभाईंच्या वर्णावरून भर सभेंत तुच्छतेचे उद्गार काढले होते. आणि चमत्कार असा कीं, १८९५ च्या निवडणुकींत याच सॉल्सबरीसाहेबांच्या पक्षानें बेथनल ग्रीन या लंडनच्या पूर्व भागांतील मतदारसंघाच्या ईशान्य विभागांत एका हिंदी गृहस्थास उभें केलें! ते हिंदी गृहस्थ म्हणजे आमचे मंचरजी.

बेथनल ग्रीन ही कष्टकऱ्यांची वस्ती. रेशीम विणणारे, लांकडी सामान करणारे, असे कारागीर तेथें राहात. प्रतिस्पर्धी जॉर्ज हॉवेल हे स्वतः एके काळीं गवंडीकाम केलेले, मजूरसंघांचे जुने पुढारी, आणि दहा वर्षें तेथले सभासद. हिंदी मतदारांचा आधार तर मुळींच नाहीं. असें असतां मंचरजी १६० मतांनीं निवडून आले. त्याच निवडणुकींत दादाभाई पराभूत झाले. पुढें १९०० सालीं मंचरजींनीं तीच जागा ३७९ मतांनीं राखली. त्या काळीं पार्लमेंटच्या सभासदांस वेतन नसे, तें १९११ पासून सुरू झालें. तेव्हां हें काम पदरमोड करूनच करावें लागे.

हिंदुस्थानांत मात्र या विजयाचा आनंद झाला नाहीं. दादाभाई हरले आणि त्यांच्या जागीं जणूं सरकारचा होयबा गेला, अशी सुशिक्षितांची भावना झाली. काँग्रेस ही साऱ्या हिंदी जनतेच्या वतीनें बोलते हें मंचरजींस मान्य नव्हतें, आणि ब्रिटिश राज्य हिंदुस्थानास हितकर आहे असें ते उघड म्हणत. त्यांच्या आडनांवाच्या इंग्रजी उच्चाराची मोडतोड करून, मान लववून होकार देणारा अशा अर्थाचें एक टोंपणनांव त्यांस चिकटविण्यांत आलें. १८९७ सालीं सरकारनें त्यांस सर ही पदवी दिली, तेव्हां टीकाकारांस आणखी एक पुरावा मिळाल्यासारखें झालें.

ही टीका अगदींच खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. दादाभाई हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा हिशेब मांडून राज्यकर्त्यांस जाब विचारीत असतां, मंचरजी त्या राज्यकर्त्यांच्या बांकावर बसत. हिंदी लोकांस राज्यकारभारांत हक्क मिळण्याच्या कामीं त्यांचा उपयोग झाला असें म्हणतां येणार नाहीं. परंतु त्यांनीं दोन गोष्टी केल्या, त्या न सांगतां न्याय करणें योग्य होणार नाहीं.

पहिली गोष्ट औद्योगिक शिक्षणाची. विलायती मालामुळें हिंदी कारागिरांचे धंदे बुडाले, तेव्हां नवे धंदे उभारण्यासाठीं या देशांत यंत्रविद्येचें व कलाकौशल्याचें शिक्षण मिळालें पाहिजे, हा विषय त्यांनीं पार्लमेंटांत लावून धरला. हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चर्चा त्या काळीं बहुधा अधिवेशनाच्या अगदीं अखेरीस होई, आणि तेव्हां सभागृहांत माणसें थोडीं असत. अशा ओसाड सभेंतहि आपलें म्हणणें मांडीत राहण्यास चिकाटी लागते.

दुसरी गोष्ट याहून मोठी. ती दक्षिण आफ्रिकेंतील हिंदी लोकांची. नाताळ वसाहतींत हिंदी मजूर कराराने नेले गेले, व्यापारीहि गेले. पण त्यांचे मताचे, व्यापाराचे व प्रवेशाचे हक्क कायदे करून एकेक काढून घेण्यांत येऊं लागले. ट्रान्सवालांत तर १८८५ च्या कायद्यानें हिंदी लोकांनीं ठराविक वस्तींतच राहावें, जमीन घेऊं नये, असे निर्बंध होते. गांधीजी १८९३ सालीं तेथें गेले आणि त्यांनीं या अन्यायाविरुद्ध अर्ज, तारा व पत्रें धाडण्याचा सपाटा लाविला. तीं पत्रें लंडनमध्यें ज्यांच्याकडे जात, त्यांत दादाभाईंच्या जोडीस मंचरजी होते. एक उदारपक्षाचे, एक हुजूरपक्षाचे. एक काँग्रेसचे आधारस्तंभ, एक काँग्रेसचे विरोधक. परंतु दूरदेशीं अपमान सोसणाऱ्या बांधवांची हांक आली तेव्हां दोघांनींहि ती ऐकली.

येथें पार्लमेंटची रीत ध्यानांत घेतली पाहिजे. सभागृहांत दोन बाजूंस समोरासमोर बांके असतात. एका बाजूस सरकारपक्ष, दुसऱ्या बाजूस विरोधी पक्ष. विरोधकानें मंत्र्यास अडचणीचा प्रश्न विचारला तर त्यांत नवल नाहीं, तें त्याचें कामच आहे. पण सरकारपक्षाच्या सभासदानें आपल्याच मंत्र्यास पुनःपुन्हा अडचणीचे प्रश्न विचारले, तर त्याची पक्षांतील किंमत उतरते. १८९५ पासून १९०५ पर्यंत वसाहतमंत्री हुजूरपक्षाच्या सरकारचे, प्रथम जोसेफ चेंबरलेन व नंतर आल्फ्रेड लिटलटन. आणि त्यांस दक्षिण आफ्रिकेंतील हिंदी लोकांविषयीं सतत प्रश्न विचारणारे मंचरजी त्यांच्याच बाजूचे! बोअर युद्धापूर्वीं ब्रिटिश मंत्र्यांनीं हिंदी प्रजेचा छळ हाहि बोअर लोकांचा एक गुन्हा म्हणून सांगितला होता. युद्ध जिंकल्यावर मात्र तोच जुना कायदा ब्रिटिश अमलांत अधिक कडकपणें लागू होऊं लागला. ही विसंगति मंचरजींनीं झांकून ठेविली नाहीं. सविस्तर निवेदन तयार करून त्यांनीं तें लिटलटनसाहेबांकडे पाठविलें. ज्या साम्राज्यावर त्यांची श्रद्धा होती, त्या साम्राज्यानें दिलेला शब्द पाळावा, एवढीच त्यांची मागणी होती. आणि श्रद्धावान् मनुष्यानें केलेली अशी मागणी टाळणें राज्यकर्त्यांस अधिक अवघड जातें.

१९०६ च्या आरंभींच्या निवडणुकींत हुजूरपक्षाचा देशभर मोड झाला, त्यांत मंचरजींचीहि जागा गेली. दादाभाईंनींहि त्याच वेळीं उत्तर लँबेथमधून प्रयत्न केला, त्यांसहि यश आलें नाहीं. तथापि मंचरजींनीं हातचें काम टाकलें नाहीं. त्याच वर्षीं ट्रान्सवाल सरकारनें आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी माणसानें बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी असा हुकूम काढला, आणि गांधीजी शिष्टमंडळ घेऊन लंडनला आले. ता. ८ नोव्हेंबर १९०६ रोजीं वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिन यांच्यापुढें जी मंडळी गेली तींत दादाभाई होते आणि मंचरजीहि होते. पुढें याच कामासाठीं लंडनमध्यें जी कमिटी स्थापन झाली, तिच्या कार्यकारी मंडळाचें अध्यक्षपद मंचरजींनीं स्वीकारलें. त्या हुकुमास प्रथम मंजुरी मिळाली नाहीं. परंतु १९०७ सालीं ट्रान्सवालास स्वराज्याचे अधिकार मिळतांच तेथल्या कायदेमंडळानें तोच कायदा पुन्हा केला, आणि गांधीजींस सत्याग्रहाचा मार्ग धरावा लागला. अर्ज व निवेदनें यांच्या बळावर विसंबणाऱ्या मार्गाची मर्यादा कोठें संपते, तेंहि या गोष्टींत दिसतें.

मंचरजींनीं आपलें मत शेवटपर्यंत बदललें नाहीं. पहिल्या महायुद्धांत, १९१६ सालीं, हिंदुस्थान ब्रिटनच्या पाठीशीं आहे असें प्रतिपादन करणारें पुस्तक त्यांनीं लिहिलें. ता. १४ नोव्हेंबर १९३३ रोजीं लंडन येथें त्यांचें देहावसान झालें. तोंवर देशांत इतकी उलथापालथ झाली होती कीं, त्यांचें नांव बहुतेकांच्या स्मरणांतून गेलें होतें.

कॉमन्स सभेंत प्रथम गेलेले तिन्ही हिंदी सभासद पारशी होते, आणि तिघे तीन वाटांचे: दादाभाई उदारपक्षाचे, मंचरजी हुजूरपक्षाचे, आणि १९२२ सालीं निवडून आलेले शापुरजी सकलातवाला कम्युनिस्ट. देशाच्या हिताचा मार्ग कोणता, याविषयीं प्रामाणिक माणसांचींहि किती भिन्न मतें होऊं शकतात, याचा याहून चांगला दाखला क्वचितच सांपडेल.

मंचरजींचें राजकीय मत इतिहासानें मागें टाकलें. तें आम्हीहि ग्राह्य मानीत नाहीं. दादाभाईंच्या पंक्तीस त्यांस बसवावें असेंहि आमचें म्हणणें नाहीं. पण मुलांनो, एखाद्यास एक टोंपणनांव दिलें म्हणजे त्याचा विचार संपला, असें समजूं नका. शाळेंत, गांवांत व पुढें मतपेटीपुढें तुमची गांठ अशा अनेकांशीं पडेल, ज्यांचा पक्ष तुम्हांस रुचणार नाहीं. त्यांच्या पक्षाचें नांव अवश्य विचारा. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा कीं, आपल्याच पक्षाचें सरकार दुर्बळावर अन्याय करीत असतां हा मनुष्य गप्प बसला कीं उभा राहिला? मंचरजी उभे राहिले. त्यांच्या खात्यावर जमेच्या बाजूस एवढी एक रकम मोठी आहे, आणि पालकांनीं ती आपल्या मुलांस अवश्य दाखवावी.