टेडीचे अस्वल आणि पुराच्या पाण्यातले रान

बारशाला, पहिल्या वाढदिवसाला टेडी बेअर देण्याची पद्धत आता आपल्याकडेही चांगलीच रुजली आहे. या खेळण्याचे नाव अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यावरून पडले, हेही अनेकांना ठाऊक असते. (दुसऱ्या महायुद्धातले रूझवेल्ट ते हे नव्हेत. त्या फ्रँकलिन यांच्या पत्नी एलेनॉर यांचे हे सख्खे काका.) मला मात्र कुतूहल वाटत आले ते वेगळ्याच गोष्टीचे. ते अस्वल ज्या रानात राहात होते, त्या रानाचे पुढे काय झाले?

थिओडोर यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ चा, न्यूयॉर्कमधल्या सधन घरातला. मूल दम्याने हैराण. रात्र रात्र उशाला टेकून बसून काढायची. पण त्याच वयात त्यांनी घरात स्वतःचे प्राणिसंग्रहालय मांडले होते. कवट्या, घरटी, भुसा भरलेले पक्षी, सगळे काही. तेराव्या-चौदाव्या वर्षी चष्मा लागला, तेव्हा कुठे त्यांना झाडावरचा पक्षी नीट दिसला. तोवर पक्षी ओळखायचे ते आवाजावरूनच. १४ फेब्रुवारी १८८४ रोजी एकाच घरात, एकाच दिवशी त्यांची आई आणि तरुण पत्नी दोघीही गेल्या. हा माणूस उठून डाकोटाच्या ओसाड मुलखात गुरे राखायला गेला. दुःख विसरण्यासाठी त्यांनी रान जवळ केले, असे मला वाटते.

१९०१ च्या सप्टेंबरात मॅकिन्ली यांची हत्या झाली आणि ४२ व्या वर्षी रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९०२ मध्ये, ते अस्वलाच्या शिकारीसाठी मिसिसिपी राज्यात गेले. मिसिसिपी नदीकाठची ती मळईची जमीन. दरवर्षी पूर यायचा, महिनोन्‌महिने पाणी साचून राहायचे आणि त्या पाण्यात ओक, सायप्रस यांची प्रचंड झाडे उभी असायची. खाली तिथल्या देशी बांबूची दाट बेटे. अस्वले त्या बेटांत दडायची.

वाटाड्या होता होल्ट कॉलियर. हा कृष्णवर्णीय शिकारी गुलामगिरीत जन्मला होता. कुत्र्यांनी घेरलेल्या अस्वलाला त्याने बंदुकीच्या दस्त्याने हाणले, दोर टाकला आणि झाडाला बांधून ठेवले, पाहुण्यांना सोपे जावे म्हणून. रूझवेल्ट यांनी बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला साफ नकार दिला. पण कथेचा पुढचा भाग मुलांना कोणी सांगत नाही. जखमी अस्वलाचे हाल थांबवायला त्याला सुरीने मारण्यात आले. व्यंगचित्रकार क्लिफर्ड बेरीमन यांनी प्रसंग चितारला, पुढच्या चित्रांत अस्वलाचे गोजिरवाणे पिल्लू झाले आणि ब्रुकलिनच्या मिचटम या दुकानदार दांपत्याने कापडी अस्वल विकायला काढले.

चारच महिन्यांनी, १४ मार्च १९०३ रोजी, रूझवेल्ट यांनी फ्लोरिडातले पेलिकन आयलंड हे चिमुकले बेट पक्ष्यांसाठी राखीव केले. जेमतेम पाच एकरांचे बेट! बायकांच्या टोप्यांवर पिसे खोवण्याची तेव्हा फॅशन होती आणि त्यापायी घरट्यांतल्या पक्ष्यांची कत्तल चालली होती. पॉल क्रोगेल हा जर्मनीहून आलेला नावाडी महिना एक डॉलर पगारावर त्या बेटाचा राखणदार झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानांची साखळी इथून सुरू झाली. पद सोडेपर्यंत रूझवेल्ट यांनी पक्ष्यांसाठी ५१ जागा राखल्या. हाच माणूस पुढे आफ्रिकेत गेला आणि बापलेकांनी मिळून ५०० हून अधिक जनावरे मारली. या विसंगतीवर मला पांघरूण घालावेसे वाटत नाही.

ऑक्टोबर १९०७ मध्ये ते पुन्हा त्याच जातीच्या रानात गेले, लुइझियानातल्या टेन्सा नदीकाठी. वाटाड्यांत कॉलियर होताच. या खेपेस त्यांनी अस्वल मारले. पण तिथे त्यांना हस्तिदंती चोचीचा मोठा सुतारपक्षीही दिसला. जुन्या, किडलेल्या महावृक्षांवर जगणारा हा पक्षी तेव्हाच दुर्मीळ झाला होता.

मग हे रान त्यांनी का राखले नाही? पेलिकन आयलंड सरकारी मालकीचे होते, एका सहीत काम झाले. मळईची जमीन खासगी होती, शिवाय कसदार. झाडे तोडली, बांध घातले की कापसाला उत्तम. राष्ट्राध्यक्षांची लेखणी तिथे चालत नव्हती.

रूझवेल्ट ६ जानेवारी १९१९ रोजी झोपेतच गेले. टेन्साकाठचे सुमारे ८० हजार एकर रान तोवर सिंगर कंपनीकडे आले होते. होय, आपल्या आजीच्या शिवणयंत्राची सिंगर! यंत्राच्या लाकडी पेट्यांसाठी तिला ओक हवा होता. काही वर्षे तिथे शिकारबंदी होती, पण १९३० च्या दशकाच्या अखेरीस तोडीचे हक्क एका लाकूड कंपनीला गेले. पक्षिप्रेमींची ऑडुबॉन सोसायटी आणि चार राज्यांचे गव्हर्नर यांनी विनवण्या केल्या. महायुद्धात लाकडाला मागणी होती आणि करवती थांबल्या नाहीत. एप्रिल १९४४ मध्ये चित्रकार डॉन एकेलबेरी यांनी त्या उजाड रानात एकुलती एक मादी पाहिली. त्या पक्ष्याचे अमेरिकेतले सर्वमान्य असे शेवटचे दर्शन तेच. नंतर सोयाबीनचे भाव चढले आणि आणखी रान गेले. मिसिसिपीच्या खोऱ्यात एके काळी सुमारे अडीच कोटी एकर असे जंगल होते. त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा उरला.

अखेर १९८० मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून टेन्सा नदीचे वन्यजीव आश्रयस्थान स्थापन केले. शेते विकत घेतली, ओकची रोपे लावली, पुराच्या पाण्याला वाट दिली. लुइझियानाचे काळे अस्वल १९९२ मध्ये संकटग्रस्त यादीत गेले होते. २०१६ मध्ये ते त्या यादीतून बाहेर आले. सुतारपक्ष्यासाठी मात्र उशीर झाला होता.

२००४ मध्ये मिसिसिपी राज्यात, जिथे ते अस्वल बांधले होते त्या मुलखात, दोन नवी आश्रयस्थाने झाली. एकाला रूझवेल्ट यांचे नाव दिले. दुसऱ्याला होल्ट कॉलियरचे.