भिंत मिळवून देणारा चित्रकार : के. एच. आरा

चित्र काढणे ही एकट्याची गोष्ट आहे. ते भिंतीवर लागणे मात्र एकट्याची गोष्ट नाही. ज्याच्या पाठीशी घराणे नाही, पैसा नाही, कलाशाळेची पदविका नाही, त्याचे चित्र कोण टांगणार? चित्रकलेची आवड असलेल्या आम्हा खेड्यांतल्या मुलांना हा प्रश्न सदैव छळतो. त्याचे उत्तर मला एका माणसाच्या चरित्रात सापडले. तो माणूस म्हणजे चित्रकार कृष्णाजी हौलाजी आरा.

आरांचा जन्म १६ एप्रिल १९१४ रोजी हैदराबादजवळच्या बोलारम येथे झाला. वडील मोटारचालक होते. आरा तीन वर्षांचे असताना आई वारली. वडिलांनी दुसरे लग्न केले आणि वयाच्या सातव्या वर्षी या पोराने घर सोडून मुंबई गाठली. शाळेऐवजी वाट्याला आली ती परक्यांच्या घरची वरकामे आणि मोटारी पुसणे. सवड मिळेल तेव्हा ते चित्रे काढीत.

पुढे मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. त्यात भाग घेतल्याबद्दल आरांना पाच महिने तुरुंगवास घडला. मी जासईचा, पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या वाटेवरच्या गावचा. मिठागरे काय असतात हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. आमच्या शेजारच्या चिरनेरचा जंगल सत्याग्रहही १९३० सालचाच. त्यामुळे आरांच्या चरित्रातले हे पान मला आमच्या घरचे वाटते.

सुटकेनंतर पुन्हा तेच मोटारी पुसण्याचे काम त्यांनी एका जपानी पेढीत धरले. याच काळात युरोपातून मुंबईत आलेल्या दोन जाणकारांची नजर त्यांच्या चित्रांकडे गेली : कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि चित्रकार वॉल्टर लँगहॅमर. त्यांच्या प्रोत्साहनाने आरांना बळ आले. १९४२ साली त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले आणि १९४४ साली गव्हर्नरचे पारितोषिक मिळाले. मोटारी पुसणाऱ्या हाताची ही कमाई होती.

परंतु एका पारितोषिकाने सगळी दारे उघडत नाहीत. १९४७ साली देश स्वतंत्र झाला. आरांनी स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचे एक भव्य चित्र रंगविले आणि बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनासाठी धाडले. परीक्षकांनी ते नाकारले! ज्या स्वातंत्र्यासाठी आरांनी तुरुंग भोगला, त्याच्याच उत्सवाच्या चित्राला प्रदर्शनात जागा मिळाली नाही.

येथून पुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. आरा रुसून घरी बसले नाहीत. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा आणि आरा हे तिघे एकत्र आले. प्रत्येकाने आणखी एकाला आणायचे ठरले. सूझांनी मकबूल फिदा हुसेन यांना, रझांनी हरी अंबादास गाडे यांना आणि आरांनी शिल्पकार सदानंद बाक्रे यांना आणले. असा सहा जणांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप १९४७ मध्ये उभा राहिला. दालनाचे भाडे, चौकटी, निमंत्रणे हा खर्च एकट्या होतकरू कलावंताला पेलत नाही. सहा जणांनी वाटून घेतला तर पेलतो. समूहप्रदर्शनाचे साधे मर्म हेच आहे.

जुलै १९४९ मध्ये मुंबईत या गटाचे प्रदर्शन भरले आणि मुल्कराज आनंद यांनी त्याचे उद्घाटन केले. जागा कोणती? रॅम्पार्ट रो येथील बॉम्बे आर्ट सोसायटीचेच दालन! ज्या संस्थेच्या परीक्षकांनी आरांचे चित्र परत पाठविले, तिच्याच भिंतीवर दोन वर्षांच्या आत ते आपल्या मित्रांसह सन्मानाने आले.

या गटातील प्रत्येकाची वाट निराळी होती. आरांच्या चित्रांत भिकारी, जुगारी अशी माणसे येत. फळे, फुले, फुलदाण्या, घट हे तर त्यांचे आवडते विषय. जलरंगही ते तैलरंगासारखे दाट लावीत. घटांच्याच एका चित्राला १९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पुढे त्यांनी रंगविलेली विवस्त्र स्त्रीदेहाची चित्रमालिकाही गाजली. आदर्श सौंदर्याच्या मापात न बसणारी, जड, ठसठशीत शरीरे त्यांनी निःसंकोचपणे कागदावर आणली.

१९४९ साली सूझा लंडनला गेले, १९५० साली रझा पॅरिसला, तर १९५१ साली बाक्रेही लंडनला गेले. आरा मुंबईतच राहिले. रॅम्पार्ट रोवरच्या आर्टिस्ट्स सेंटरचे चिटणीसपद त्यांनी सांभाळले. नव्या, अनोळखी चित्रकारांना तेथे प्रदर्शनासाठी जागा मिळे. १९६३ साली शेमूल्ड आणि पंडोल ही खासगी कलादालने सुरू झाली आणि मुंबईत चित्रांचा व्यापार वाढत गेला. व्यापारी दालनात साहजिकच विकले जाईल असे चित्र आधी लागते. ज्याचे नाव कोणाला ठाऊक नाही, त्याच्यासाठी भिंत राखणारा कोणीतरी लागतो. आरा तसे होते.

३० जून १९८५ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच्या दीड वर्ष आधी, जानेवारी १९८४ मध्ये, आमच्या जासईने दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांचे आंदोलन आणि पोलिसांचा गोळीबार पाहिला. त्या मोर्चातली माणसे एखाद्या आराने रंगवायला हवी होती असे मला फार वाटते. ते काम आता आमच्या पिढीने करावे.

म्हणून गुरुजनांना आणि मित्रांना माझी एक विनंती आहे. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात निवड अवश्य व्हावी. परंतु निवडीत मागे राहिलेली चित्रेही एक दिवस एकत्र टांगावीत. त्यासाठी जिन्याजवळची मोकळी भिंत पुरेशी आहे. खिळे, दोरी आणि कार्डबोर्ड आम्ही विद्यार्थी वर्गणी काढून आणू.