स्थूलतेशी झुंजणारे विल्यम बँटिंग

ब्रिटिश राजघराण्यातील अंत्यविधींची व्यवस्था पाहणाऱ्या लंडनमधील विल्यम बँटिंग यांनी १८६३ मध्ये एक छोटी पुस्तिका स्वखर्चाने छापून लोकांना मोफत वाटली. पुस्तिकेचा विषय होता त्यांचे स्वतःचे वजन. कमी कर्बोदकांचा जो आहार आज ‘लो-कार्ब’ या नावाने सर्वत्र परिचित आहे, तो सामान्य वाचकांपर्यंत मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा पोहोचला तो या पुस्तिकेमुळे. तिने बँटिंग यांना अमाप प्रसिद्धी दिली आणि तितकीच अवहेलनाही त्यांच्या वाट्याला आणली.

बँटिंग यांचा जन्म १७९६ च्या अखेरीचा. त्यांच्या घराण्याची पेढी लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर होती. घरसजावट, लाकूडकाम आणि अंत्यसंस्कारांची व्यवस्था असा तिचा एकत्रित व्यवसाय होता. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही कामे एकाच पेढीने करणे नेहमीचेच होते. वॉटर्लूचे विजेते ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांची अंत्ययात्रा १८ नोव्हेंबर १८५२ रोजी निघाली आणि तिची जबाबदारी याच पेढीकडे होती. दहा टनांहून अधिक वजनाचा शवरथ ओढण्यासाठी बारा घोडे जुंपले होते, तरीही त्याची चाके वाटेत चिखलात रुतली. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या १८६१ मधील अंत्यविधीची व्यवस्थाही बँटिंग यांच्या पेढीनेच केली. असा हा प्रतिष्ठित, नेमस्त आणि हिशेबाला चोख मनुष्य होता.

वयाच्या तिशीनंतर त्यांचे वजन वाढू लागले. त्यांच्या आईवडिलांच्या घराण्यांत स्थूलता नव्हती आणि त्यांचे स्वतःचे आयुष्यही बैठे नव्हते. एका शल्यचिकित्सक मित्राच्या सल्ल्याने ते रोज पहाटे दोन-दोन तास जड नाव वल्हवू लागले. स्नायू बळकट झाले, पण भूकही विलक्षण वाढली. भूक भागवली की वजन वाढे. अखेर त्याच मित्राने हा व्यायाम थांबवायला सांगितला.

त्यानंतरची जवळजवळ तीस वर्षे एकामागून एक उपाय करण्यात गेली. समुद्रस्नान झाले, घोडेस्वारी झाली. लेमिंग्टन, चेल्टनहॅम आणि हॅरोगेट येथील औषधी झऱ्यांचे पाणी पिऊन झाले, औषधांच्या बाटल्यांमागून बाटल्या रिकाम्या झाल्या. तुर्की पद्धतीच्या बाष्पस्नानांनी वजन उतरले ते जेमतेम सहा पौंड. अन्न कमी करण्याचा मार्ग तर अंगावरच उलटला. उपासमारीने शक्ती खालावली, अंगावर गळवे आली आणि दोन मोठ्या काळपुळ्यांवर शस्त्रक्रिया करावी लागली. शस्त्रक्रियेनंतर अंगात शक्ती यावी म्हणून त्यांना भरपूर खाऊ घालण्यात आले आणि ते पूर्वीपेक्षाही स्थूल झाले. वजन कमी करण्याच्या प्रयत्नांचा असा शेवट आजच्या अनेकांना ओळखीचा वाटेल.

ऑगस्ट १८६२ मध्ये त्यांचे वय ६६ च्या घरात होते. उंची सुमारे पाच फूट पाच इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे जवळपास ९२ किलो. हे आकडे आज फारसे चकित करणारे नाहीत, परंतु बँटिंग यांची अवस्था बिकट होती. बुटाचे बंद बांधण्यासाठी त्यांना वाकता येत नसे. घोटे आणि गुडघ्यांवर भार पडू नये म्हणून ते जिना उलटे, पाठमोरे उतरत. बेंबीच्या हर्नियासाठी पट्टा बांधावा लागे, गुडघ्यांना बँडेज असे. दृष्टी मंदावली होती आणि ऐकूही कमी येऊ लागले होते.

शारीरिक त्रासाहून मोठा त्रास लोकांच्या नजरेचा होता. सार्वजनिक समारंभ, प्रवासी गाड्या, साधा रस्ता, सगळीकडे स्थूल माणसाची टिंगल होते आणि म्हणून तो हळूहळू घराबाहेर पडणेच टाळतो, असे त्यांनी पुस्तिकेत नमूद केले आहे. त्यांच्या लेखनातील ‘कॉर्प्युलन्स’ या इंग्रजी शब्दासाठी मराठीत ‘स्थूलता’ हा शब्द सहज सुचतो. तो सभ्य आहे, शास्त्रीय आहे. मात्र रस्त्यात कानावर पडणारा शब्द ‘लठ्ठ’ हा असतो आणि बँटिंग यांची वेदना त्या शब्दाशी निगडित होती.

या कहाणीला वळण मिळाले ते त्यांच्या बहिरेपणामुळे. कानांवर उपचार करणारे त्यांचे नेहमीचे डॉक्टर वार्षिक सुटीवर गेले होते. त्यामुळे ते सोहो स्क्वेअर येथील विल्यम हार्वे या दुसऱ्या शल्यचिकित्सकांकडे गेले. रक्ताभिसरणाचा शोध लावणारे सतराव्या शतकातील विल्यम हार्वे वेगळे. दोघांच्या नावांत साम्य आहे, इतकेच. घसा आणि कान यांना जोडणाऱ्या नलिकेवर चरबीचा दाब येत असल्याने ऐकू कमी येते, असे निदान हार्वे यांनी केले आणि कानांऐवजी थेट आहारालाच हात घातला.

हार्वे यांनी काही वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची मधुमेहावरील व्याख्याने ऐकली होती. यकृत स्वतः साखर तयार करते, हे बर्नार यांनी दाखवून दिले होते. मधुमेहाच्या रुग्णांना साखर आणि पिष्टमय पदार्थ वर्ज्य केल्याने गुण येतो, दुसरीकडे जनावरे पुष्ट करण्यासाठी नेमका असाच पिष्टमय आणि गोड खुराक दिला जातो, या दोन गोष्टींची सांगड हार्वे यांनी घातली. तेव्हाचे शरीरशास्त्र आजच्या तुलनेत अपुरे होते, तरी हा तर्क बुद्धिमान होता.

पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद करा, असे हार्वे यांनी सांगितले. बँटिंग यांची रोजची न्याहारी, चहा आणि रात्रीचे खाणे याच पदार्थांचे होते. उद्यापासून पोळी-भात बंद, असे आपल्याकडे कोणाला सांगितले तर त्याची जी स्थिती होईल तीच त्यांची झाली असावी. नव्या आहारात न्याहारीला चार-पाच औंस गोमांस, मटण किंवा मासे, बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा आणि कोरड्या टोस्टचा लहानसा तुकडा होता. दुपारी पाच-सहा औंस मासे किंवा मांस, बटाटा सोडून कोणतीही भाजी आणि दोन-तीन पेले क्लॅरेट किंवा शेरी. संध्याकाळी थोडी फळे आणि चहा, रात्री पुन्हा मांस किंवा मासे. डुकराचे मांस आणि सॅमन मासा वर्ज्य होता. झोपण्यापूर्वी गरज वाटल्यास बिनसाखरेची जिन किंवा ब्रँडी घेण्यास मुभा होती. मद्याची ही उदार मात्रा पाहून आजचे आहारतज्ज्ञ नक्कीच भुवया उंचावतील. टोस्ट आणि फळांचा समावेश असल्याने हा आहार कर्बोदकांपासून पूर्णपणे मुक्तही नव्हता.

पथ्याला २६ ऑगस्ट १८६२ रोजी सुरुवात झाली. बँटिंग यांनी वजनाची नोंद व्यापाऱ्याच्या खातेवहीसारखी ठेवली. नाताळच्या आदल्या दिवशी काटा १८४ पौंडांवर आला होता, तर १२ सप्टेंबर १८६३ रोजी १५६ पौंडांवर. म्हणजे वर्षभरात ४६ पौंड, सुमारे २१ किलो वजन उतरले आणि कमरेचा घेर सव्वाबारा इंचांनी कमी झाला. ते जिना सरळ उतरू लागले. ऐकूही येऊ लागले. तरुण घोड्याला मानवणारा बीन्सचा खुराक म्हाताऱ्या घोड्याला जसा बाधतो, तसेच उतारवयात पाव-साखरेचे होते, असा दृष्टान्त त्यांनी दिला आहे.

पहिल्या आवृत्त्यांत त्यांनी हार्वे यांचे नाव दिले नव्हते. डॉक्टरांची जाहिरात केल्याचा आरोप होईल, ही भीती होती. नाव नाही म्हटल्यावर लोकांनी वेगळ्याच शंका काढल्या, तेव्हा पुढच्या आवृत्तीत त्यांनी ते जाहीर करून सर्व श्रेय हार्वे यांना दिले. पुस्तिकेची मागणी वाढत गेली. एकट्या तिसऱ्या आवृत्तीच्या ६३ हजार प्रती इंग्लंडमध्ये खपल्या. उरलेला नफा त्यांनी धर्मादाय कार्यांना दिला.

वैद्यकीय वर्तुळाची प्रतिक्रिया मात्र कडवट होती. ‘लॅन्सेट’ने १८६४ मध्ये त्यांना वैद्यकीय लेखनाच्या वाटेला न जाता आपला धंदा सांभाळावा, असे सुनावले. यात काही नवीन नाही, असाही आक्षेप घेण्यात आला. नवीन काही नव्हते हे खरेच. फ्रान्सचे ब्रिया-सावारँ यांनी १८२५ मध्येच पिष्टमय पदार्थांना दोष दिला होता. पण मग तीस वर्षे डॉक्टरांचे उंबरठे झिजवणाऱ्या रुग्णाला हे कोणीच का सांगितले नाही, हा बँटिंग यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे समाधानकारक उत्तर त्यांना मिळाले नाही. विनोदी नियतकालिकांनी त्यांच्यावर चित्रे काढली. पोट सुटल्यामुळे होणाऱ्या ज्या हास्यापासून ते पळत होते, तेच हास्य पोट गेल्यानंतरही त्यांच्या मागे लागले.

एका माणसाच्या अनुभवावरून सर्वांसाठी नियम करता येत नाही, हा टीकाकारांचा मुद्दा मात्र ग्राह्य होता. स्वतः बँटिंग यांनीही वैद्यकीय सल्ला घेण्याची शिफारस केली होती. हा वाद पुढेही मिटला नाही. अमेरिकेत डॉ. रॉबर्ट अॅटकिन्स यांच्या १९७२ मधील पुस्तकाने तो पुन्हा पेटवला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६०९ प्रौढांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी कर्बोदके घेणारे आणि कमी स्निग्ध पदार्थ घेणारे अशा दोन्ही गटांचे वजन वर्षभरात कमी झाले, पण त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही गटांत काहींचे वजन पुष्कळ उतरले, तर काहींचे वाढले.

विल्यम बँटिंग यांचे १६ मार्च १८७८ रोजी लंडनमध्ये वयाच्या ८१ व्या वर्षी निधन झाले. ब्रॉम्प्टन दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. इन्सुलिनच्या शोधात सहभागी असलेले कॅनडाचे नोबेल विजेते फ्रेडरिक बँटिंग हे त्यांचे दूरचे नातेवाईक मानले जातात. इंग्रजीत ‘बँटिंग करणे’ म्हणजे वजनासाठी पथ्य पाळणे, असा अर्थ बँटिंग यांच्या हयातीतच रूढ झाला होता. दक्षिण आफ्रिकेत २०१३ नंतर कमी कर्बोदकांच्या आहाराची लाट आली, तेव्हा तिलाही ‘बँटिंग’ हेच नाव मिळाले. स्वीडिश भाषेत तर वजन कमी करण्यासाठी आजही ‘बांता’ हे क्रियापद वापरले जाते. रोजच्या बोलण्यात ते वापरणाऱ्या अनेकांना ते लंडनच्या एका माणसाचे आडनाव आहे, याची कल्पनाही नसते.