७ कोटींची शिल्लक, तरी गोखलेंनी सरकारचं अभिनंदन का नाकारलं? मिठावरच्या कराची गोष्ट

२६ मार्च १९०२. कलकत्त्यात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर चर्चा सुरू होती. तिजोरीत तब्बल ७ कोटी रुपये शिल्लक होते, त्यामुळे कौतुकाचा सूर होता. पुण्याहून आलेल्या ३५ वर्षांच्या नव्या सदस्याने मात्र त्यात सूर मिसळायला नकार दिला. देश दुष्काळाने पिचलेला असताना एवढी शिल्लक पडते, म्हणजे सरकार गरजेपेक्षा जास्त कर घेतंय, असं त्यांचं म्हणणं होतं. हे सदस्य म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले.

पैशाची किंमत घरातूनच कळलेली

गोखलेंचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. १८७९ मध्ये वडील गेले. थोरले भाऊ गोविंदराव १५ रुपयांच्या नोकरीला लागले आणि त्यातले ८ रुपये गोपाळच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. १८८४ मध्ये गोखले बी. ए. झाले आणि पुण्यात शिक्षक झाले. त्यांचं अंकगणिताचं पाठ्यपुस्तकही गाजलं. आकड्यांचं राजकारण मात्र त्यांना न्यायमूर्ती रानडे यांनी शिकवलं. सरकारी शाळेत नोकरी करणारे गणेश व्यंकटेश जोशी पडद्यामागून त्यांना आकडेवारी पुरवत. या जोशींचं नाव आज फारसं कुणी घेत नाही.

१८९७ मध्ये भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे गोखलेंनी लंडनमध्ये साक्ष दिली. भारताच्या सीमेबाहेरच्या लढायांचा आणि फुगलेल्या लष्कराचा खर्च इथल्या रयतेवर का, हा त्यांचा मुद्दा होता.

नेमका हिशेब काय होता?

भारत सरकारला दरवर्षी इंग्लंडला मोठी रक्कम पौंडात द्यावी लागे. रुपया घसरला की त्याच पौंडांसाठी जास्त रुपये लागत. हे कारण पुढे करून कर वाढवले गेले. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे (सुमारे ३७ किलो) २ रुपयांवरून अडीच रुपये झाला, म्हणजे एका फटक्यात २५ टक्के वाढ. हा आजच्यासारखा विक्रीकर नव्हता, पण शेवटी किमतीत मिसळून ग्राहकाच्याच खिशातून जायचा. शिवाय मीठ गरीब-श्रीमंत दोघांनाही लागतं. त्यामुळे खरा भार मजुरावरच.

१८९४-९५ मध्ये साधारण १३ पेन्सपर्यंत उतरलेला रुपया १८९८-९९ पर्यंत १६ पेन्सवर गेला. कारण संपलं, कर मात्र तसाच राहिला. शिल्लक आली ती इथून.

त्या काळी सदस्यांना अर्थसंकल्पावर मतदानाचा अधिकारच नव्हता, फक्त भाषण करता येत असे. तरी गोखले दरवर्षी उठून तोच हिशेब मांडत राहिले.

मग कर कमी झाला का?

झाला. १९०३ मध्ये २ रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये १ रुपया. १९०३ मध्येच प्राप्तिकराची मर्यादाही ५०० वरून १००० रुपये उत्पन्नावर नेली गेली. याचं श्रेय एकट्या गोखलेंना देता येणार नाही. मीठकराविरुद्ध काँग्रेस आधीपासून बोलत होती. पण सरकारच्याच आकड्यांनी सरकारला अडचणीत आणण्याचं काम त्यांच्याइतकं नेटाने क्वचितच कुणी केलं असेल.

गोखलेंचा विरोध खर्चाला नव्हता, खर्च कुठे होतो याला होता. शिल्लक उरतेच तर ती शाळांवर घाला, असा त्यांचा आग्रह होता. १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. १९ मार्च १९१२ रोजी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलं गेलं.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी पुण्यात गोखलेंचं निधन झालं. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर सव्वा रुपया झाला. १९२३ मध्ये तूट भरून काढण्यासाठी व्हाइसरॉयने विशेषाधिकार वापरून तो दुप्पट केला. मणामागे पुन्हा अडीच रुपये.