डनलॉप : घोड्यांच्या डॉक्टरने चाकात हवा भरली!

जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा आणि लोखंडी धावेची बैलगाडी व टायरची बैलगाडी यांतला फरक एखाद्या शेतकऱ्याला विचारा. टायरच्या गाडीत बैलाला ओढ कमी लागते, हे तो लगेच सांगेल. या गाडीला बरेच जण 'डनलॉप गाडी' म्हणतात. पण डनलॉप हे कंपनीच्या आधी एका माणसाचं आडनाव होतं. आणि तो माणूस इंजिनिअर नव्हता, तर जनावरांचा डॉक्टर होता!

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरा येथे पशुवैद्यकाचं शिक्षण घेऊन ते १८६७ मध्ये आयर्लंडला गेले. पुढे बेलफास्ट शहरात त्यांचा चांगला जम बसला. दिवसभर घोडे तपासायचे, नाल ठोकण्याचं काम बघायचं, असा त्यांचा दिनक्रम होता. गाडीचा धक्का जनावराच्या खांद्याला आणि खुराला कसा बसतो, हे ते रोज बघत होते.

१८८७ सालची गोष्ट. त्यांच्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाची तीनचाकी सायकल होती, तिला भरीव रबराची चाकं. बेलफास्टच्या दगडी रस्त्यावर ती चालवताना पोरगा पार हैराण व्हायचा. डनलॉप यांनी एक लाकडी तबकडी घेतली, पातळ रबराची नळी तिच्याभोवती बसवली, वरून कापड ठोकलं आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग अंगणात आधी सायकलचं चाक आणि नंतर हे हवेचं चाक घरंगळत सोडलं. पहिलं मध्येच आडवं झालं. दुसरं मात्र अंगण ओलांडून फाटकावर जाऊन आदळलं! झालं, प्रयोग यशस्वी.

१८८८ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. (आपल्याकडे किर्लोस्करांच्या बेळगावातील सायकलच्या दुकानाची सुरुवातही १८८८ चीच मानतात, हा योगायोग बघा.) मे १८८९ मध्ये विली ह्यूम या सायकलपटूने बेलफास्टच्या शर्यतीत हे जाडे टायर लावले. लोकांनी आधी थट्टा केली, पण ह्यूम जिंकत गेला तसे हसणारे गप्प झाले. त्याच वर्षी डब्लिनमध्ये हार्वी ड्यू क्रॉस यांच्या पुढाकाराने कंपनी उभी राहिली.

आणि इथेच घात झाला. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलेलं होतं. तेव्हा सायकलचा जमाना आला नव्हता, म्हणून ते विस्मरणात गेलं. डनलॉप यांना त्याचा पत्ताच नव्हता. त्यांचं पेटंट रद्द ठरलं. रिमवर टायर घट्ट बसवण्याची इतरांची पेटंट विकत घेऊन कंपनी तरली. डनलॉप मात्र १८९५ मध्ये बाहेर पडले. पुढच्याच वर्षी ती कंपनी तीस लाख पौंडांना विकली गेली! नाव जगभर गेलं, पैसा दुसऱ्यांकडे. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये त्यांचं निधन झालं.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९५० च्या दशकात डनलॉप कंपनीने विमानांसाठी 'मॅक्सारेट' नावाचं यंत्र आणलं. ब्रेक दाबल्यावर चाक अचानक अडकू लागलं की आतलं फ्लायव्हील पुढे पळायचं, झडप उघडायची आणि ब्रेकचा दाब क्षणभर सुटायचा. आजच्या एबीएसचा हा पूर्वजच. १९६६ मध्ये ते जेन्सन एफएफ या मोटारीत आलं. पुढे १९७८ मध्ये बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजमध्ये बसलं.

आता आपल्या कामाचं. ड्रॅग रेसच्या मोटारीला मागे रुंद, उंच, मऊ रबराचे गुळगुळीत टायर असतात आणि पुढे बारीक. असे टायर रस्त्यावरच्या एबीएसवाल्या गाडीला लावले तर काय होईल? एबीएसला गाडीचा वेग दिसत नाही, त्याला फक्त चाकांचे फेरे दिसतात. समजा, पुढचं चाक ६० सेंटिमीटर व्यासाचं आणि मागचं ६६ चं. ताशी ६० किलोमीटरला पुढचं चाक सेकंदाला सुमारे ८.८ फेरे मारेल, मागचं ८.० च. म्हणजे ब्रेक न दाबताही मागचं चाक नऊ टक्के हळू! कंट्रोलरला वाटेल, चाक घसरतंय. मग तो मागचा ब्रेक लवकर सोडेल, किंवा बिघाड समजून दिवा लावेल आणि एबीएस बंद करेल. स्टेपनीइतका थोडा फरक तो सांभाळून घेतो, एवढा नाही.

शिवाय ब्रेक मारल्यावर वजन पुढे येतं आणि पुढचे बारीक टायर लवकर घसरू लागतात. एबीएस वारंवार दाब सोडतं आणि थांबण्याचं अंतर वाढतं. मागच्या गुळगुळीत टायरला पावसाचं पाणी बाजूला सारायला खाचा नसतात. एबीएस चाक अडकू देत नाही हे खरं, पण जी पकड टायरमध्येच नाही ती ते आणणार कुठून?

तेव्हा गाडी 'रेसिंग लुक'ची करण्याआधी टायरच्या कडेवरचा आकडा कंपनीने दिलेल्या आकड्याशी ताडून बघा. चारही टायरची हवा तपासा. एका बापाने पोराला धक्के बसू नयेत म्हणून चाकात हवा भरली होती. ते चाक आपल्या घरच्यांना काळजीत टाकणारं ठरू नये, एवढं आपल्या हातात नक्कीच आहे.