इतिहासाचें अध्यापन व कै. राजवाडे

इतिहास म्हणजे सनावळीची घोकंपट्टी, ही समजूत आमच्या शाळांतून अद्यापि गेली नाहीं. म्हणून कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या चरित्राकडे शिक्षकवर्गाचें लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें.

१८६३ सालीं जन्मलेले राजवाडे १८९० मध्यें बी. ए. झाले. कांहीं काळ त्यांनीं शिक्षकाचें काम केलें. तारुण्यांतच पत्नी निवर्तली. पुन्हां संसार त्यांनीं थाटला नाहीं. १८९८ सालीं पानिपतपर्यंतच्या दशकाचे कागद छापून त्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ही माला आरंभिली. वाड्यांच्या माळ्यांवर वाळवीच्या तोंडीं पडलेलीं दप्तरें धुंडीत ते गांवोगांव हिंडले, आणि बावीस खंड निघाले! १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, त्यांतही त्यांचा पुढाकार होता. १९२६ च्या अखेरीस ते धुळें येथें वारले.

त्यांचीं सर्व मतें ग्राह्य होतीं असें मात्र नव्हे. जातींविषयींचे त्यांचे कित्येक निष्कर्ष पूर्वग्रहदूषित होते. प्रबोधनकार ठाकरे यांनीं १९१८ सालीं ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून त्यांचा समाचार घेतला, तो आमच्या मतें योग्यच होता. परंतु राजवाड्यांनीं अस्सल कागदच लोकांपुढें ठेविले. त्यामुळें खुद्द त्यांचें म्हणणें तपासण्याचें साधनही इतरांच्या हातीं आलें. पाठ्यपुस्तकाच्या कर्त्यास असें कोण तपासतो? वरच्या वर्गांत अशीं दोन पत्रें वाचून, तीं कोणीं, कोणास व कां लिहिलीं, एवढा एक प्रश्न परीक्षेंत घालण्यास शिक्षणखात्याची हरकत ती काय?