विश्लेषण : फडक्यांचं वकीलपत्र घेणारे ‘सार्वजनिक काका’ कोण होते? सोलापूरच्या दुष्काळाशी त्यांचा काय संबंध?

डिजिटल डेस्क, सोलापूर

वासुदेव बळवंत फडके यांचं नाव शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना माहीत आहे. पण १८७९ मध्ये पुण्याच्या कोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील फारसे कुणाला आठवत नाहीत. गणेश वासुदेव जोशी हे त्यांचं नाव. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत. मतदानाचा हक्क नसलेल्या काळात लोकांचा प्रतिनिधी कुणाला म्हणायचं, या प्रश्नाचं पहिलं व्यवहारी उत्तर त्यांनी शोधलं. काय होतं ते उत्तर? समजून घेऊया.

सरकारी नोकर ते वकील

काकांचा जन्म १८२८ मध्ये साताऱ्यात झाला. तरुणपणी ते पुण्यात आले आणि सरकारी कचेरीत नोकरीला लागले. पुढे त्यांनी वकिलीची परीक्षा दिली आणि १८६० च्या दशकात पुण्यात वकिली सुरू केली.

त्याच दशकात अमेरिकेत इलिनॉयमधले वकील अब्राहम लिंकन निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाले होते. तिथे वकिलीतून राजकारणात जायचा रस्ता मतपेटीतून जात असे. आपल्याकडे मतपेटीच नव्हती. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात काही मोजकी हिंदी माणसं असत, पण त्यांना सरकार नेमायचं. लोकांनी निवडून दिलेला एकही सदस्य नव्हता. मग लोकांच्या वतीने बोलायचं कुणी आणि कोणत्या अधिकाराने?

५० सह्यांचा नियम काय होता?

पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दल पुण्यात तक्रारी वाढल्या होत्या. तक्रार करणाऱ्याला सरकार विचारणार, की तुम्ही कुणाच्या वतीने बोलता? काकांनी याचं उत्तर आपल्या धंद्यातूनच काढलं. कोर्टात वकील पक्षकाराच्या सहीशिवाय उभा राहू शकत नाही. तोच नियम त्यांनी सार्वजनिक कामाला लावला.

२ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासद व्हायचं तर किमान ५० जणांच्या सहीचं मुखत्यारपत्र आणावं लागे. सुरुवातीला ९५ सभासद होते आणि त्यांच्यामागे सुमारे ६ हजार लोकांच्या सह्या होत्या. औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी सभेचे पहिले अध्यक्ष झाले. रोजची धावपळ मात्र काकांची. सभेच्या कामात ते इतके बुडाले, की सभेचं नावच त्यांना चिकटलं. पुढच्या वर्षी महादेव गोविंद रानडे पुण्यात बदलून आले आणि सभेच्या अर्जांना अभ्यासाची जोड मिळाली.

हा नियम काकांनी विलायतेपर्यंत नेला. १८७५ मध्ये सभेने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज केला. हिंदुस्थानला पार्लमेंटमध्ये थेट प्रतिनिधी मिळावेत, ही त्यातली मागणी होती. ती मान्य झाली नाही.

या नियमाची मर्यादाही सांगायला हवी. सह्या देणाऱ्यांत सरदार, इनामदार, सावकार, व्यापारी आणि शिकलेली मंडळी यांचा भरणा होता. शेतकरी आणि मागास समाजातली माणसं सभेत जवळपास नव्हतीच. जोतीराव फुले यांनी यावरून सभेवर कडक टीका केली. ती चुकीची म्हणता येत नाही.

स्वदेशीची शपथ, तीही १८७२ मध्ये

स्वदेशी म्हटलं की १९०५ आठवतं. काकांनी १२ जानेवारी १८७२ रोजीच हातानं विणलेल्या देशी कापडाशिवाय दुसरं काही न वापरण्याची शपथ घेतली. ते स्वतः सूत कातत. देशी वस्तूंच्या विक्रीसाठी दुकानं काढायलाही त्यांनी पुढाकार घेतला. गांधीजी तेव्हा दोन-अडीच वर्षांचे होते.

तंटे कोर्टाबाहेर मिटावेत, म्हणून लवाद न्यायालयाची चळवळही त्यांनी उचलून धरली. कोर्टावर पोट असलेल्या वकिलानेच लोकांना कोर्टाची पायरी चढू नका म्हणावं, हे त्या काळीही नवल होतं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी बायकांसाठी स्त्री विचारवती सभा चालवली.

सोलापूरशी काय संबंध?

१८७६ मध्ये पाऊस गेला आणि दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. तो १८७८ पर्यंत हटला नाही. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत सोलापूर होता. रेल्वे इथे १८६० मध्येच पोहोचली होती, म्हणजे धान्य येऊ शकत होतं. पण भाव इतके चढले, की विकत घ्यायला लोकांच्या हातात पैसा नव्हता. लोक दुष्काळी कामांवर गेले. जिल्ह्यातला आष्टी तलाव हे त्याच काळातलं काम.

सार्वजनिक सभेने सोलापूरसह दुष्काळी जिल्ह्यांतून माहिती गोळा केली. पिकं, पाणी, धान्याचे भाव, गाव सोडून जाणारी कुटुंबं यांचे अहवाल एकामागून एक सरकारला पाठवले. १८७७ च्या सुरुवातीला सर रिचर्ड टेंपल यांच्या सूचनेने दुष्काळी कामांवरची मजुरी कापली गेली. माणशी रोज १ पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहून कमी धान्य आणि वर अगदी थोडे पैसे, असा हिशेब होता. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला ते पुरणारं नव्हतं. हजारो मजुरांनी कामं सोडली. सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

याच दिवसांत, १ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लिटन यांनी दिल्लीत दरबार भरवला. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करण्याचा तो सोहळा होता. राजेमहाराजे जडजवाहीर घालून आले होते. सभेचे प्रतिनिधी म्हणून काका तिथे गेले ते जाडंभरडं देशी कापड नेसून. हिंदी लोकांना ब्रिटिश प्रजेइतकेच राजकीय हक्क मिळावेत, अशी मागणी सभेच्या मानपत्रात होती.

फडक्यांचा खटला : सगळ्यात मोठी जोखीम

दुष्काळात लोकांचे झालेले हाल पाहून सरकारी लष्करी हिशेब खात्यातला एक कारकून पेटून उठला. ते वासुदेव बळवंत फडके. काका अर्ज लिहीत राहिले, फडक्यांनी हत्यार उचललं. दोघांचे मार्ग पूर्ण वेगळे होते.

सरकारला मात्र पुण्यातल्या शिकलेल्या सगळ्यांचाच संशय येऊ लागला. १८७९ मध्ये रानडे यांची धुळ्याला बदली झाली ती याच वातावरणात. जुलै महिन्यात फडके आजच्या विजयपुरा जिल्ह्यात देवर नावडगी इथे पकडले गेले. खटला पुण्यात चालला. सरकारविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप असलेल्या माणसाचं वकीलपत्र घेणं म्हणजे आपल्यावरही शिक्का ओढवून घेणं. वकील पुढे येईनात. काकांनी ते घेतलं.

सभेचे कर्ते म्हणून ते आधीच सरकारच्या नजरेत होते. हा खटला टाळला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण ज्याच्या बाजूने बोलायला कुणी नाही त्याच्यासाठी उभं राहणं, हेच काम त्यांनी दहा वर्षं केलं होतं. फडक्यांची स्वतःची रोजनिशीच पुरावा म्हणून कोर्टात आली. त्यांना जन्मठेप झाली. एडनच्या तुरुंगात १८८३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

पुढे काय झालं?

खटल्यानंतर वर्षही उलटलं नाही तोच, २५ जुलै १८८० रोजी काका गेले. वय अवघं ५२.

१८८५ मध्ये काँग्रेसचं पहिलं अधिवेशन पुण्यात सभेच्याच यजमानपदाखाली व्हायचं होतं. कॉलऱ्याची साथ आल्याने ते मुंबईला हलवावं लागलं. १८९६ च्या दुष्काळात टिळकांनी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्यासाठी हीच सभा वापरली. पुढच्या वर्षी सरकारने तिची मान्यता काढून घेतली.

आज ऑनलाइन याचिकेवर एका क्लिकवर नाव नोंदवता येतं. १८७० मध्ये त्यासाठी घरोघर जाऊन ५० माणसांना पटवावं लागे आणि कागदावर सही घ्यावी लागे. लोकांच्या नावाने बोलायचं तर आधी लोकांकडे जा, हा काकांचा नियम होता. त्यांच्या सभेत त्यातले बरेच लोक आले नाहीत, हेही खरं. सोलापूरच्या कामांवर खडी फोडणाऱ्यांकडून मुखत्यारपत्र घ्यायला कुणी गेलं नव्हतं. त्यांना मताचा हक्क मिळायला १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक उजाडावी लागली.